जो जेवेल त्याची बारी

रांजणगाव एमआयडीसीच्या मागे, ता. शिरूर
१४ जून २०२५

आई,

जय भीम.

फोन तू उचलत नाहीस. शेजारच्या गिताबाईंच्या फोनवर केला तर त्या म्हणतात, "जाईबाई झोपलीय." सकाळीही झोपलेली आणि संध्याकाळीही. जन्मात कधी दुपारी आडवी झाली नाहीस आणि आता शेजारणीच्या तोंडून झोपतेस होय? म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. आणि हातात आलेलं तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, भेळेचा कागदसुद्धा नाही.

माफी मागायला लिहिते असं मात्र समजू नकोस. माफी मागावी असं मी काही केलेलं नाही.

मे महिन्यात तू पहिल्यांदा माझी खानावळ बघायला दौंडहून आलीस. मी तुला पहिल्या पंगतीला बसवलं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी. दोन घास खाल्लेस आणि म्हणालीस, "वांगं चांगलं उतारलंय." एवढी स्तुती तू माझ्या लग्नातही केली नव्हतीस. मग स्वयंपाकघरात डोकावून विचारलंस, "एवढ्या माणसांचा सैपाक, आन् शिलिंडर एकबी दिसंना?"

मी मूर्खासारखी खूश झाले. तुला हात धरून मागे नेलं. कामगारांच्या खोल्यांचे संडास दाखवले, त्यांच्या खालून जाणारा पाइप दाखवला, जमिनीत बांधलेली विटांची गोल टाकी दाखवली आणि तिथून माझ्या शेगडीपर्यंत आलेली पिवळी नळी. तुझा जावई रोहन पाबळला हे सगळं शिकून आला तेव्हापासून ही टाकी त्याच्या डोक्यात होती. संडासाचं जातं, खानावळीतलं उष्टं-खरकटं जातं, आणि निळी ज्योत बाहेर येते. मी तुला शेगडी पेटवूनही दाखवली.

तू नळावर गेलीस. साबण लावून दोनदा हात धुतलेस. आणि म्हणालीस, "दौंड टेसनात रुळावरची घाण मी धुतली ती तुझी फी भराया. तू त्याच घाणीवर भाकरी भाजाया बसलीस?" ताट तसंच टाकून तू एसटी गाठलीस.

आता माझं ऐक. तूच सांगायचीस, लहानपणी तू आणि आजी इंजिनाच्या शेडमागे अर्धवट जळालेला कोळसा वेचायला जायचात. घमेलंभर मिळाला की त्या दिवशी सण. ती इंजिनं गेली, शेड गेली, कोळसाही गेला. सिलिंडरचं तेच होणार. समुद्रापलीकडच्या जमिनीतून तो गॅस एकदाच निघतो, तिकडे भांडणं लागली की इकडे आमचा श्वास अडकतो. तरी त्याची गाडी गल्लीत आली की बाया धावत बाहेर येतात, नव्या शेगडीला हळद-कुंकू वाहतात. लांबून येतं, संपतं, म्हणून त्याला मान. आणि माणूस रोज सकाळी जे देतो, जे कधी संपायचं नाही, त्याला नाक मुरडायचं!

ज्योतीला वास नाही, आई. मी नाक लावून बघितलं आहे.

तुझीच,
सीमा


२ जुलै २०२५

आई,

जय भीम.

गिताबाई म्हणाल्या, पत्र पोचलं आणि फाडलं नाही. चला, एवढं तर झालं.

इथं सगळं छान चाललं आहे. सध्या जरा निवांत आहे. पीठ कमी मळावं लागतं, त्यामुळे मनगट दुखायचं थांबलं. पेरणीसाठी बरेच कामगार गावी गेलेत. खोल्यांमध्ये दिवे दिसतात ते कुणाचे असतील ते असोत.

तिवारीजी तुला आठवतात? बलियाचे, क्रेन चालवतात, जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवतात. तुझ्या समोरच बसले होते. ते सध्या हायवेवरच्या ढाब्यावर जेवतात. तिथली डाळ म्हणे फार पातळ असते. मी विचारायला गेले नव्हते, त्यांनीच सांगितलं, तेही लांबून.

आमचे घरमालक बापूसाहेब परवा येऊन गेले. या खोल्या त्यांच्या, माझी पत्र्याची शेडही त्यांचीच, आणि मागचं कांद्याचं रानही. पूर्वी शोषखड्डा भरला की सगळं त्या कांद्यात जायचं. टाकी बांधू दिली ती त्यासाठी, आमच्या प्रेमापोटी नाही. पण या वर्षी वाळलेलं खत रानात टाकलं आणि कांदा असा आला की पाहुण्यांना मुठीत धरून दाखवत होते. खत कशाचं ते मात्र पाहुण्यांना सांगितलं नाही.

रोहन बरा आहे. मी बरी आहे. रात्री झोप लागते.

सीमा


२० जुलै २०२५

आई,

जय भीम.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. पेरणीला कुणी गेलेलं नाही.

तू गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुणीतरी मोबाइलवर नळीचा व्हिडिओ काढला. संडासापासून सुरू करून थेट माझ्या तव्यापर्यंत. खाली लिहिलं, "स्पेशल संडास थाळी". कंपन्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. तिवारीजींनी तो माझ्याच पंगतीत बसून बघितला आणि तोंडातला घास हातात घेतला. निम्म्याहून जास्त माणसं गेली. त्यांचे संडास अजून माझ्याच टाकीत येतात, फक्त तोंडं दुसरीकडे गेली.

बापूसाहेब आले ते त्यासाठी. खुर्चीवर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "सीमा, येवढं काय अवघड हाय? शेणाचा गॅस हाय म्हणून सांग. माझ्या गोठ्यावर हायच की गोबरगॅस. लोकं म्हणतील त्योच हाय. संडासाकडचा पाइप मातीनं झाकून टाकू."

मी म्हटलं, "बापूसाहेब, शेण चालतं आणि हे चालत नाही, ते का?"

"शेण गाईचं असतंय."

"आणि हे माणसाचं आहे. गाय मोठी की माणूस?"

"वाद घालू न्हाई बाईमाणसानं. दिवाळीपर्यंत बघतो, न्हाईतर शेड रिकामी कर."

झालं. म्हणजे असं, आई. खोटं बोलले तर खानावळ राहते, खरं बोलले तर दिवाळीला चूल रस्त्यावर.

रोहनही घाबरला आहे. काल कुठून तरी रिकामं सिलिंडर घेऊन आला आणि शेगडीशेजारी उभं केलं. नळी न जोडता, नुसतं दिसायला. मी ते उचललं आणि बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलं. म्हटलं, इथं तरी उपयोग होईल. तो चिडला. "तुझ्या हट्टापायी उपाशी मरू," म्हणाला. मी म्हटलं, "मरू, पण तोंड उघडं ठेवून मरू."

कशी वाटते लेक? तुझीच आहे. शाळेत बाईंनी विचारलं होतं, "आई काय करते?" तेव्हा मी म्हणाले होते, "रेल्वेत साहेब आहे." तुला कळलं तेव्हा तू मला मारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी तू झाडू घेऊन, ड्युटीच्या साडीत मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आलीस. सगळ्यांसमोर. म्हणालीस, "काम माझं हाय, लाज तुझी कशापायी?" मग आता त्याच शाळेतली पोरगी पाइप मातीनं कशी झाकेल? तूच सांग.

सीमा


३ ऑगस्ट २०२५

आई,

गिताबाईंनी तुझा निरोप दिला. एवढ्या दिवसांत एवढाच. त्यांनी दोनदा सांगितलं, चुकू नये म्हणून. "तिला म्हणावं, ज्योत कुठनं येती त्ये कळलं. ती घाण उपसतं कोण, त्ये लिव."



टाकीत कुणी उतरत नाही, आई, हे आधी लिहिते. कधीच नाही. जेवढं आत जातं तेवढं जुनं आपोआप बाहेर ढकललं जातं, पातळ, काळं. त्याला इथं सगळे स्लरी म्हणतात. ते वाफ्यात पडतं, त्यावर पाचट आणि राख टाकून कालवायचं, पसरायचं, महिनोन्‌महिने वाळवायचं, मग पोती भरायची. वासही फारसा नसतो. पण फावडं लागतं. आणि फावड्याला हात लागतो.

तो हात म्हाळूकाकांचा होता. म्हातारे आहेत, आपल्यातलेच, पलीकडच्या वस्तीवर राहतात. बापूसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना धाडलं. ना विचारणं, ना सांगणं. मी "दुसरं कुणी मिळेल का?" म्हणाले होते, तर बापूसाहेब म्हणाले, "त्याला काय हुतंय? त्याला सवय हाय." आणि मी गप्प बसले. मला भाकऱ्या थापायच्या होत्या.

तू मे महिन्यात ते गमबूट बघितलेस ना? वाफ्याच्या कडेला ठेवलेले. मी तुला नळी दाखवत होते आणि तू बूट बघत होतीस. आत्ता लक्षात येतंय. तुला वाटलं असेल, किळस आली म्हणून आई उठली असं सीमाला वाटू दे. तू किळस कशाची करशील? तुझं आयुष्य त्यात गेलं. तुझा राग वेगळाच होता, आणि मी पानंच्या पानं निळ्या ज्योतीवर लिहीत बसले.

पण रडगाणं गाणार नाही. राग आला आहे. बापूसाहेबांचा आला, माझा आला आणि तुझाही आला, कारण हे तू त्याच दिवशी तोंडावर सांगू शकली असतीस. मायलेकी दोघी सारख्याच. आपला अबोलासुद्धा दणदणीत असतो.

टाकी बंद करणार नाही. टाकीचा काय गुन्हा? ज्योत सगळ्यांची आणि फावडं एकाचं, खोट तिथं आहे. आणि ती काढता येते.

म्हाळूकाकांना आज सांगितलं, "उद्यापासून वाफ्यावर जायचं नाही." ते घाबरले, म्हणाले, "म्हंजी काम गेलं व्हय गं माझं?" मी म्हटलं, "नाही काका, आत या. कांदा चिरा." उंबऱ्यातच थांबले. हाताला धरून आत आणावं लागलं.

बाकीचं झालं की लिहिते.

सीमा


१७ ऑगस्ट २०२५

आई,

जय भीम.

फळा लावला. खानावळीच्या तोंडाशी, हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही वाचता येईल एवढ्या अक्षरात. रोहनच्याच हातून लिहून घेतला. आधी कुरकुरला, मग रंगात आला आणि कडेला वेलबुट्टीही काढली.

"इथला स्वयंपाक संडासाच्या गॅसवर होतो. शेणाच्या नाही. जो जेवेल त्याची बारी येईल. वाफ्यावर फावडं मारावं लागेल. जात, गाव, पगार विचारला जाणार नाही."

शेतात पाण्याची बारी असते की नाही, आज तुझी, उद्या माझी? तशी इथं फावड्याची. ज्याच्या पोटातून जातं त्यानंच ते पुढे न्यायचं. हातमोजे आहेत, नवे बूट आहेत, बारी संपली की अंघोळीला गरम पाणी आहे. तेही त्याच गॅसवर. पहिली बारी मी घेतली, दुसरी रोहननं.

तिसऱ्या दिवशी उरलेल्यातले काही गेले. मी थांबवलं नाही. "बारी आली म्हणून जाताय की गॅस आठवला म्हणून?" एवढं मात्र मोठ्यानं विचारलं. मग काही परत बसले.

आणि तिवारीजी आले. ढाब्यावरच्या पातळ डाळीपुढे हात टेकले असावेत. फळ्यासमोर उभे राहून कुणाकडून तरी वाचून घेतला. मग आत येऊन हळूच म्हणाले, "भाभी, आग तो आग है. फावड़ा भी चला लेंगे. बस, घर पे मत बताना." तोंडाला गमछा बांधून, मंत्र पुटपुटत त्यांनी वाफा असा वेडावाकडा पसरला की त्यापुढे रोहनचा बरा म्हणावा. नंतर जेवले, आणि ताटाभोवती पाणी फिरवायलाही विसरले नाहीत.

आता खरी गंमत. बापूसाहेबांचा थोरला, इंद्रजीत, रोज संध्याकाळी माझ्याकडे येतो. श्रावण पाळतात ना त्यांच्या घरी, आणि याला अंड्यावाचून होत नाही. मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून अंडाकरी खातो. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "इंद्रजीत, फळा वाचलास ना?" म्हणाला, "वाचला ताई. बघू नंतर." मी म्हटलं, "नंतर नाही. गुरुवारी."

बुधवारी बापूसाहेब तणतणत आले. फळ्याची गावभर चर्चा. बाहेरूनच ओरडले, "सीमा! गावात तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाई तू. फळा काढ, न्हाईतर आत्ताच्या आत्ता शेड रिकामी कर!"

मी पिठाचे हात घेऊन बाहेर आले. म्हटलं, "करते की. शेगडी माझी, नळी माझी, दोन्ही उचलते. पण टाकी तुमच्या रानात आहे आणि तिला चालवतोय माझा नवरा. आम्ही गेलो की ती बंद पडेल. खोल्यांतली माणसं सकाळी उठायची थांबणार नाहीत. मागं कांद्यात जात होतं, तसं जाऊ द्या परत."

ते काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून आत गेलं. इंद्रजीत वळून बघत होता, अर्धं अंडं हातात.

मी म्हटलं, "आणि त्याची बारी उद्या आहे. तुम्ही कधी जेवायला येताय?"

  बापूसाहेबांनी फळा वाचला, पोराकडे बघितलं, परत फळा वाचला. मग अगदी हळू आवाजात पोराला म्हणाले, "तुझ्या आईला कळू दिऊ नको." आणि गेले. शेडचं काय ते बोलले नाहीत. दिवाळी अजून लांब आहे, बोलतीलही. मी फळा काढणार नाही एवढं मला माहीत आहे.

बघ, तिवारीजींना घरी कळायची भीती, बापूसाहेबांना घरी कळायची भीती. मी एकटीच घरी पत्रावर पत्र लिहून कळवते आहे.

गुरुवारी इंद्रजीत आला. बूट घातले, फावडं उलटं धरलं. म्हाळूकाका कांदा सोडून बाहेर गेले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आसं न्हाई मालक, सरळ धरा. पाठीतनं न्हाई, पायातनं जोर द्या." आणि बाजूला उभे राहिले. नुसते उभे. मला ते तुला दाखवायचं होतं.

तर ये. तुझं वांगं करते. पण आधीच सांगते, सलग राहिलीस तर नियमानं तुझीही बारी येईल. आई म्हणून सूट देऊन मी फळ्यावरचं अक्षर पुसणार नाही. जमत नसेल तर येऊ नकोस. पण गॅसचं कारण सांगू नकोस.

तुझी लेक,
सीमा


दौंड
२५ ऑगस्ट

सीमे,

जय भीम. ह्ये माझ्या हातानं लिवलंय. चुका काढू नको.

तुझी समदी पत्रं वाचली. गिताबाईला मोठ्यांदा वाचून दावली. फळ्याचं दोनदा वाचलं. म्हाळूचं वाचताना चष्मा काढावा लागला. तू खोटं बोललीस त्या पत्रात मला लगीच कळलं हुतं. तुला निवांत कवा बरं वाटलंय?

म्या त्या दिवशी बूट बघितलं. खरं हाय. रुळावर हुते तवा आमाला बूटबी न्हवतं. गाडी गेली की खाली उतरायचं. डब्यात बसणारं कोण, आन् खाली धुणारं कोण, त्ये आधीच ठरल्यालं. माझ्या पोरीच्या दारातबी तसंच ठरल्यालं दिसलं. मंग ताटावर परत बसवंना. बोलाया पायजे हुतं. बोलले न्हाई. तुझ्यावर गेलीय मी, आसं लोक म्हणत्यात.

आता बारीचं. तू मला नियम सांगतीस व्हय? माझी बारी झाली. टेसनावरच्या समद्या रुळाला इचार. तुझ्या समद्या पंगतीची बारी मी एकलीनं आधीच मारलीय, ह्या जल्माची आन् तुझ्या वाट्याचीबी. त्यात सूट कसली? फळ्यावर खाली लिवून टाक, जाईबाईची बारी झाली. मंग मी येती.

गॅसचं मला काय बी न्हाई. कोळशावर खाल्लं, गोवऱ्यांवर खाल्लं, रॉकेलच्या वासाचं खाल्लं. ह्येबी खाईन.

पर मी आसं कंच्याबी दिवशी येणार न्हाई. त्या बापूसाहेबाच्या पोराची बारी परत कवा हाय त्ये गिताबाईच्या फोनवर कळीव. त्याच दिवशी येती. मला पंगतीत बसवू नको. मागं वाफ्याच्या समोर खुर्ची टाक, सावलीला. म्हाळूला म्हणावं, दुसरी खुर्ची त्याची.

त्यो फावडं मारंल, आन् आमी दोघं जेवू.

सावकाश मारू दे त्याला. मला घाई न्हाई. भाकरी गरम वाढ.

तुझी आई,
जाईबाई